टवका जपून पाठवणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

खोकं परवा पोचलं. आत आम्ही तिकडे विकत घेतलेल्या ग्रामोफोनच्या अकरा तबकड्या. दहा धडधाकट, आणि एक विक्रेत्याकडून तुमच्या लंडनच्या घरी येतानाच टवका उडालेली. आभार अकरांचेही मानायचे आहेत, पण पत्र लिहायला बसलो ते त्या अकराव्या तबकडीमुळे. खरं सांगायचं तर तिच्या पाकिटावर चिकटवलेल्या पुडीमुळे.

अंगाऱ्याची पुडी बांधावी तशी बटर पेपरची घडी होती. आत हरभऱ्याच्या डाळीहून जरा मोठा काळा तुकडा. वर तुमच्या पेन्सिलीतलं अक्षर : 'बाजू दुसरी. लेबल सरळ धरा. घड्याळात ४ च्या जागी.' आणि एक बाण. विक्रेत्याच्या खोक्याच्या तळाशी चुरगळलेल्या रद्दीत पडलेला तो तुकडा तुम्ही शोधलात, वेगळा काढलात आणि तो कुठे बसतो हेही लिहून ठेवलंत. काका, एवढं कोणी करत नाही.

एवढ्याशा तुकड्याचं काय एवढं, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर इंचाला साधारण शंभर खाचा असतात, म्हणजे मिलिमीटरला चार. टवका कडेपासून पाच मिलिमीटर आत गेलेला, त्यातले पहिले दोन कोरे. उरलेल्या तीन मिलिमीटरमध्ये बारा खाचा. एक फेरी पाऊण सेकंदाची. म्हणजे पहिली नऊ सेकंदं, दर फेरीला एक खड्डा. बाजू वाजते जेमतेम तीन मिनिटं, आणि नेमक्या त्या नऊ सेकंदांत ऑर्गनने दिलेला सूर आहे आणि त्यावर उचललेली पदाची पहिली ओळ. तुकडा नसता तर ती ओळ गेलीच होती. सुई खड्ड्यात आपटली असती, पुढच्या खाचेत उडी मारली असती, शिवाय तिचं टोकही गेलं असतं.

आता ज्यांनी आधी पाठवलं त्यांच्याबद्दल. नाव घेत नाही, घेण्याजोगं काही उरलेलं नाही. चार तबकड्या एलपीच्या चपट्या खोक्यात, एकीला एक चिकटून, वर बबल रॅपचा एक वेढा आणि बाहेर 'नाजूक'चं लाल लेबल. लेबल चिकटवलं की पॅकिंग झालं अशी एक समजूत जगभर पसरलेली दिसते. एलपी व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकची, ती वाकते आणि परत सरळ होते. ही लाखेची. लाख थोडी, दगडाची भुकटी जास्त, त्यात काजळी आणि कापसाचे तंतू. ही जात 'मोडेन पण वाकणार नाही' अशी. नुसता बबल रॅप तिला धक्क्यापासून थोडंफार वाचवेल, वाकण्यापासून नाही, आणि वाटेत तिचा जीव जातो तो वाकण्यानेच. त्यातून त्या महाभागाने दोन दहा इंची आणि दोन बारा इंची तबकड्या एकमेकींवर ठेवलेल्या. लहानीची कड मोठीखाली टेकूसारखी येते, वरून दाब पडला की मोठी त्याच रेषेत काडकन मोडते. झालंही तसंच. उत्तर आलं की पैसे परत देतो, तुकडे टाकून द्या. पैसे आलेसुद्धा. पैसे परत येतात हो, तबकडी येत नाही.

तुमचं खोकं उघडताना म्हणूनच वेळ लागला, प्रत्येक थर बघण्यासारखा होता. दहा इंची तबकडीला बारा इंचाचे पुठ्ठ्याचे चौकोन, प्रत्येक बाजूला दोन. त्या दोनांच्या आतल्या नागमोडी कागदाच्या नळ्या एकमेकींना आडव्या, त्यामुळे पुठ्ठा कुठल्याच दिशेला दुमडत नाही. चारी बाजूंना इंचभर पुठ्ठा पुढे, खोकं कोपऱ्यावर पडलं तरी मार पुठ्ठ्याच्या कडेला बसतो, तबकडीच्या नाही. कडा चिकटपट्टीने बंद, म्हणजे तबकडी आत सरकून बाहेर डोकावत नाही. बारा इंचींची चळत अगदी वेगळी. आतलं खोकं कानाशी धरून हलवलं तर आवाज नाही. आणि बाहेरच्या खोक्यात सहाही बाजूंना अडीच-तीन इंच चुरगळलेला जाड कागद. लोक चार बाजू करतात, वर एक थर टाकतात आणि तळाला विसरतात. थर्माकोलचे मणी वापरणारे आणखी वेगळे. प्रवासात मणी वर आणि माल खाली, शेवटी तबकड्या तळाच्या पुठ्ठ्यावर बसूनच मुंबईला उतरतात.

बाहेरच्या झाकणाखाली तुम्ही तबकड्यांचे फोटो आणि पावती ठेवली होती, तेही कामाला आलं. कस्टम्सची पट्टी बाहेरच्या खोक्यावर होती, आतल्यावर नव्हती. उघडणाऱ्याला हवं ते वरच सापडलं, चळत उचकावी लागली नाही.

आणि एप्रिल ते सप्टेंबर काही पाठवणार नाही, हा तुमचा हट्ट. त्यावर कुरकुर आमच्यातल्या काहींनी केली, ती मागे घेतो. मे महिन्यात टेम्पोच्या पत्र्याखाली लाख मऊ पडते आणि तबकडीची बशी होते. पावसात पुठ्ठा दमट झाला की त्याचा ताठपणा जातो, मग तुमच्या आडव्या नळ्यांचाही उपयोग नाही, वर लेबलला बुरशी. 'खोकं आल्या आल्या उघडू नका, रात्रभर तसंच ठेवा' हेही पाळलं. थंडगार खोक्यातून तबकडी थेट आपल्या हवेत काढली तर तिला घाम फुटतो.

गंमत अशी की ही लाख मुळात इकडचीच. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक गेसबर्ग कलकत्त्यात गाणी मुद्रित करून गेला, तेव्हा तबकड्या जर्मनीत हानोफरला दाबून बोटीने परत यायच्या. कलकत्त्यात कारखाना निघाला १९०८ साली. म्हणजे झाडावरची लाख इथून तिकडे, गाणं होऊन इकडे, कोणाच्या तरी सामानातून पुन्हा तिकडे, आणि आता तुमच्या पुठ्ठ्यांतून परत. इतक्या येरझारा झाल्यावर टवका एकच उडाला, हेही नशीबच.

टवका बसवला तो असा, तुम्हाला उत्सुकता असेल म्हणून लिहितो. तबकडी सपाट काचेवर. मोडलेल्या कडा फक्त मऊ कोरड्या ब्रशने झटकल्या. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नाही. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, पॉलिशवाला तेच तर करतो. तरी तबकड्या सॅनिटायझरने पुसणारे भेटतात, आणि मग खाचा धुऊन गेल्या म्हणून हळहळतात. गोंद लावण्याआधी तुकडा तसाच बसवून पाहिला आणि नख फिरवलं. नखाला जिथे अडतं तिथे सुईलाही अडणार. पातळ सुपरग्लू टाळला, तो भेगेतून चढून खाचेत जातो आणि तिथेच दगड होतो. जेलचा घेतला, दात कोरायच्या काडीच्या टोकावर, मोडलेल्या कडेच्या मध्यभागी तीन ठिपके, वरच्या-खालच्या खाचांपासून दूर. एका बाबतीत मुद्दाम केसभर फरक ठेवला. तुकड्याच्या दोन्ही सांध्यांवर सुई ज्या बाजूने येते ती बाजू किंचित वर, जिकडे जाते ती किंचित खाली. पायरी उतरताना सुई टिक करते. चढावी लागली तर ठेचकाळते आणि टवका पुन्हा उडवते.

मग वाजवली ती ४५ च्या गतीला, तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई लावून. एलपीची सुई या खाचेच्या तळाला जाऊन नुसती खरखर उचलते. मुद्रण संगणकावर ७८ ला आणलं. हळू फिरवल्यावर सुईला सांध्यावर सावरायला वेळ मिळतो, बाकी जादू काही नाही.

काका, चांगलं पॅकिंग शिकता येतं. पुठ्ठा कुठल्याही दुकानात मिळतो, इंच मोजता येतात. पण दुसऱ्याच्या मोडक्या वस्तूचा चुरा कचऱ्यात टाकण्याआधी चाळून बघणं, हे कुठल्या सूचनेत लिहिलेलं नसतं. तबकडी तुमची नाही, गाणं तुमच्या आवडीचं आहे की नाही ठाऊक नाही, आणि 'आली तेव्हाच फुटली होती' एवढं कळवून तुम्ही मोकळे होऊ शकला असता. कोणी बोल लावला नसता. उलट त्या विक्रेत्यालाही तुम्ही सभ्यपणे लिहिलंत म्हणे, फोटो काढून, पुठ्ठा कसा कापायचा ते सांगून. आम्ही एवढा सभ्यपणा दाखवला नसता, हे कबूल.

काकूंना नमस्कार सांगा. तुमचे पुठ्ठ्याचे चौकोन बांधून ठेवले आहेत, ऑक्टोबरमध्ये कोणी तिकडे येणारं असलं तर परत पाठवतो.

फाईल सोबत जोडली आहे. हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला ऑर्गनवर बारा वेळा बारीक टिक टिक येईल, तेराव्या फेरीला थांबेल. साफ करता आली असती, एक क्लिकचं काम आहे. तुमच्यासाठीच्या प्रतीत ती तशीच ठेवली आहे.

आपले,
पुण्यातले तबकडीवाले