"केसिंग कुठंय?" असं विचारणाऱ्या काकांना

पुण्यातल्या तापकीर गल्लीतले डिस्क दुरुस्त करणारे काका,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. तुमचे आभार मानायचे राहिले, म्हणून हे पत्र.

त्या तीन टीबीच्या हार्ड डिस्कवर माझ्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आई आता नाही. डिस्क चालेना म्हणून आधी एका ठिकाणी नेली होती. तिथे केसिंग, म्हणजे डिस्कचा बाहेरचा डबा, उघडून ती थेट कॉम्प्युटरला जोडली. विंडोजने फॉरमॅट करायचं का विचारलं, आणि त्यांनी डेटा गेला म्हणून सांगून टाकलं.

तुम्ही डिस्क हातात घेण्याआधी विचारलंत, "हिचं केसिंग कुठंय?" मग कामं बाजूला ठेवून समजावलंत. दोन टीबीच्या वरच्या काही जुन्या एक्स्टर्नल डिस्कमध्ये केसिंगमधला बोर्ड ५१२ बाइटचे आठ सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) मिळून ४०९६ चा एक असं कॉम्प्युटरला दाखवतो, विंडोज एक्सपीलाही सगळी जागा वापरता यावी म्हणून. तो बोर्ड मधून काढला की पार्टिशनचा, म्हणजे डिस्कवरच्या भागांच्या नोंदीचा, हिशेब चुकतो. डेटा असतो जागेवरच, विंडोजला तो सापडत नाही इतकंच. "फॉरमॅट मारलं नाहीत ना? मग बसा निवांत." काका, त्या एका वाक्याने मला किती धीर आला!

घरून केसिंग आणि त्याचा अडॅप्टर आणल्यावर तुम्ही अडॅप्टरला मल्टिमीटर लावलात. नुसता असताना बरोबर १२ व्होल्ट. डिस्क जोडून मोटर फिरायला लागली, तसा आकडा नऊच्या खाली! टक टक झालं आणि डिस्क गप्प. आतले कपॅसिटर गेले की असं होतं, लोड आला की अडॅप्टर बसतो, म्हणालात. दुसरा १२ व्होल्ट, दोन अँपियरचा काढलात, पिनचं प्लस-मायनस तपासलंत आणि मगच लावलात. फोल्डर उघडले.

तरीही चाचण्यांच्या मागे न लागता आधी सगळं कॉपी करून दिलंत. नंतर स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, खराब होत चाललेले सेक्टर निघाले, तेव्हा त्या घाईचं कारण कळलं. पैसे घेतलेत ते फक्त अडॅप्टरचे.

कॉपी नीट झाली का बघायला एक ओवी लावलीत आणि ती संपेपर्यंत बंद केली नाहीत. तुमची आईही दळताना म्हणायची, असं तुम्ही सांगितलंत. सगळ्या ओव्या एका पेनड्राइव्हवर घातल्या आहेत. शनिवारी दुकानात आणून देते.

तुमची कृतज्ञ,
कर्वेनगरची एक गिऱ्हाईक