पडद्यावर थेरपिस्ट आहेत, शेजारी बसायला माणूस हवाय

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाची पावती एरवी गणपतीच्या आधी फाडली जाते. या वेळी अवेळीच दार वाजवतोय, आणि कारण उत्सवाचं नाही, अर्धांगवायूच्या रुग्णांचं आहे.

आपल्या इंदूरच्या राजेंद्र नगरात एक काकू राहतात. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. मागच्या वर्षी सकाळी पोहे परतताना हातातला झारा पडला, तोंड वाकडं झालं. नशिबानं लेक माहेरी आली होती. तासाभरात दवाखाना गाठला, जीव वाचला. दहाव्या दिवशी घरी आल्या त्या उजवा हात लुळा आणि बोलणं गेलेलं, अशा. समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाही. डॉक्टर याला अफेझिया म्हणतात. इथल्या थेरपिस्ट बाई मनापासून करायच्या, पण सराव हिंदीतून. चित्र दाखवून म्हणायच्या, ‘कंघी’ बोलिए. काकू भिंतीकडे बघत बसायच्या. हिंदी येत नाही असं कसं म्हणणार, चाळीस वर्षं मंडईत हिंदीतच घासाघीस केली! पण घरातली फणी ती फणीच.

मग लेकीनं पुण्याच्या एका स्पीच थेरपिस्टशी व्हिडिओ कॉल जुळवला. त्या बाईंनी चित्रं बाजूला ठेवली आणि ‘शुभं करोति’ सुरू केलं. दुसऱ्या ओळीला काकूंचा आवाज लागला. काका देवघराच्या दारातच बसून राहिले. यात चमत्कार काही नाही. पाठांतर, गाणं, एक-दोन-तीन मोजणं हे बोलणं गेल्यावरही पुष्कळांचं शिल्लक राहतं आणि त्याच धाग्याला धरून थेरपिस्ट पुढे नेतात. मात्र रुग्णानं लहानपणी काय पाठ केलं होतं, हे समोरच्याला ठाऊक असायला हवं.

तीन आठवड्यांनी लेक बंगळूरला परतली आणि हे सगळं थांबलं. काका 78 वर्षांचे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात काकूंचा हात. पुण्याच्या बाईंना दिसायचा तो फक्त छताचा पंखा.

आमचं मागणं या पंख्यापाशी सुरू होतं. दूरच्या डॉक्टरांपर्यंत पोचण्याची सोय आता पुष्कळ झाली आहे. 2020 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम ठरवून दिले, ई-संजीवनी या सरकारी सेवेवर घरबसल्या डॉक्टर फुकट भेटतात. उणीव आहे ती खाटेशेजारी बसणाऱ्या माणसाची. आपली अर्धी मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर अमेरिकेत. घरात दोघंच, त्यातला एक आजारी.

म्हणून आठवड्यातून दोनदा एक-एक तास देणारी, मराठी बोलणारी माणसं हवी आहेत. टॅबलेट स्टँडवर लावायचा, रुग्ण नीट दिसतोय ना बघायचं, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं आणि वहीत लिहायचं. एवढंच. औषधाचा सल्ला द्यायचा नाही, लुळा हात धरून ओढायचा नाही (खांदा निसटतो), आणि गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय प्रेमानं घोटभर पाणीसुद्धा पाजायचं नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे सगळं फिजिओथेरपिस्ट आधी शिकवतील. आणि हो, गप्पा मारायच्या. अर्धांगवायूनंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य गाठतं, आणि घरच्यांना वाटतं माणूस हट्टी झालाय.

बीपीच्या वहीवर आमचा जोर आहे. वाढलेला रक्तदाब हे या आजाराचं सर्वांत मोठं कारण. बरं वाटलं की लोक गोळी सोडतात, आणि दुसरा झटका येतो. वही कॅमेऱ्यासमोर धरली की डॉक्टरांना महिन्याचा हिशेब एका नजरेत कळतो. ताठरलेला सांधा मात्र हात लावल्याशिवाय कळत नाही, तेव्हा पहिली तपासणी आणि अधूनमधूनची फेरी प्रत्यक्षच व्हायला हवी. सगळं फोनवर होतं असं आम्ही म्हणत नाही.

एक विषयांतर, पण गरजेचं. माळव्यात लकवा म्हटलं की नीमचजवळच्या भादवा मातेच्या देवळाचं नाव निघतं. श्रद्धेबद्दल बोलणारे आम्ही कोण? पण मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि तो वेळ नीमचच्या रस्त्यातच निघून जातो. आधी 108 ची रुग्णवाहिका, आधी सीटी स्कॅन. रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्रावात ते इंजेक्शन घातक ठरतं. देवास-धारकडच्या नातेवाइकांनाही सांगा: जवळ सीटी मशीन असलेला दवाखाना कोणता, हे आजच विचारून ठेवा. न्यूरॉलॉजिस्ट तिथे नसला तरी दूरचा डॉक्टर स्कॅन आणि रुग्ण दोन्ही पडद्यावर बघून इंजेक्शनचा निर्णय देऊ शकतो. हिमाचलच्या डोंगरातल्या सरकारी दवाखान्यांत हे झालेलं आहे.

आता पैशांचं. दोन टॅबलेट, दोन स्टँड, चार बीपी मशीनं आणि ज्यांना झेपत नाही त्यांच्या थेरपीची वर्षभराची फी, यासाठी 1 लाख 20 हजार उभे करायचे आहेत. कार्यकारिणीनं आपापसांत 22 हजार काढले. यंदा कोजागरीचं जेवण रद्द करून दूध तेवढं ठेवलंय. काहींना ते आवडलेलं नाही, ठाऊक आहे. देणगी शंभराची असली तरी पावती मिळेल, आणि कोणाच्या थेरपीला किती गेले हा हिशेब नावं न घालता दर तीन महिन्यांनी फळ्यावर लागेल.

दर रविवारी सकाळी 10 ते 12 आम्ही मंडळाच्या वाचनालयात बसतो. वेळ देणाऱ्यांनीही तिथेच नाव नोंदवावं. कोणाच्या माळ्यावर जुनी व्हीलचेअर, कमोडची खुर्ची किंवा चौपायी काठी पडून असेल तर नुसता निरोप द्या. जिन्यावरून उतरवायला आमची पोरं येतील.

आपले,
कार्यवाह आणि कार्यकारिणी
राजेंद्र नगर, इंदूर