मँडरिनच्या पोटाची काळजी वाहणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

फोनवर तुमचे आभार मानून झालेत, पण त्यानं माझं समाधान होत नाही. शिवाय छोटा टँक आणि मँडरिन (समुद्रातला एक छोटा, रंगीबेरंगी मासा) हा विषय निघाला की आता लोक मलाच विचारतात, आणि मी जे सांगतो ते सगळं तुमच्याकडून आलेलं असतं. ते तुमच्या नावावर जमा व्हावं म्हणून हे पत्र उघड लिहितोय. (तुमचं नाव मात्र लिहीत नाही, तुम्हाला ते आवडत नाही म्हणून.)

मित्राचा मोठा रीफ टँक (प्रवाळ असलेला खाऱ्या पाण्याचा टँक) बंद होत होता. बाकीच्या माशांना घरं मिळाली, हा एक मँडरिन उरला. माझा टँक ४० लिटरचा. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांची उत्तरं दोनच प्रकारची होती : ‘अजिबात नको, मरेल’ किंवा ‘काही होत नाही, शिकेल खायला’. तुम्ही दोन्ही म्हणाला नाहीत. ‘वरून काढलेला फोटो पाठव, पाठीमागून पोटाकडे कसा दिसतो ते बघू,’ एवढंच म्हणालात. त्या एका वाक्यानं माझी मासा बघण्याची पद्धतच बदलली. मँडरिनचे रंग इतके विलक्षण असतात की पोटाकडे कुणाचं लक्षच जात नाही. इतर बहुतेक प्राण्यांत निळा रंग हा प्रकाशाच्या खेळातून दिसतो, पण याच्या कातडीतल्या पेशींमध्ये खरोखरचं निळं रंगद्रव्य असतं. उपाशी मँडरिनही तितकाच सुंदर निळा दिसतो, म्हणूनच फसायला होतं. छातीच्या परांमागे खळगा पडलाय का, डोक्यामागचा मांसल भाग बसून पाठीचा कणा धारेसारखा वर आलाय का, हे बघायला तुम्ही शिकवलंत. आजही दिवे लागल्यावर मी आधी तेच बघतो, रंग नंतर.

मग तुम्ही मला पॉड्सचा, म्हणजे कोपेपॉड या बारीक कवचधारी जिवांचा, हिशोब समजावलात. हा मासा जेवणाच्या वेळा पाळत नाही. दिवसभर खडकावरून, वाळूवरून टुकूटुकू पुढे सरकत, डोळे फिरवत, एकेक कोपेपॉड टिपत राहतो. तोंड पुढे काढायचं, टिपायचं, थांबायचं, पुन्हा टिपायचं. मोठ्या, जुन्या टँकमध्ये भरपूर लाइव्ह रॉक (बारीक जीव वस्तीला असलेले समुद्री खडक) आणि रिफ्युजियम (पॉड्सना निर्धास्त वाढता येईल असा वेगळा कप्पा) असलं तर पॉड्सची वीण त्याच्या खाण्याला पुरून उरते. ४० लिटरमध्ये तो वीण होण्याआधीच विणणारे संपवतो. लहान मुठीएवढ्या चार-पाच दगडांवर किती पॉड्स जगणार? अनेक मँडरिन असेच, स्वच्छ पाण्यात आणि चांगल्या प्रकाशात, हळूहळू उपासमारीनं जातात. तुमचं म्हणणं सरळ होतं : टँक लहान असेल तर अन्न टँकबाहेर पिकवायचं, आणि मासा येण्याआधी ते पीक उभं असलं पाहिजे. मासा मित्राकडेच थांबला. तोवर टिस्बे या कोपेपॉडच्या कल्चरची (बाटलीत वाढवलेल्या पैदाशीची) तुमची स्वतःची बाटली तुम्ही मला दिलीत आणि हिरवं पाणी, म्हणजे पॉड्सचं खाद्य, करायला नॅनोक्लोरॉप्सिस हे सूक्ष्म शेवाळही.

बाटल्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच अडतात. हिरव्या पाण्याला एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा दगड) लावायचा नाही, नुसती नळी सोडायची, मोठे बुडबुडे हवेत. पाणी गडद हिरवं झालं की अर्धं काढायचं, अर्धं नव्या खाऱ्या पाण्यानं आणि खतानं भरायचं. पॉड्सच्या बाटलीला हे हिरवं पाणी इतकंच द्यायचं की रंग फिका हिरवा राहील. पाणी पारदर्शक झालं म्हणजे ते उपाशी आहेत. आणि प्रत्येक गोष्टीच्या दोन बाटल्या, वेगवेगळ्या जागी, वेगळ्या नळ्यांवर. ‘एक बाटली म्हणजे शून्य बाटल्या’ हे तुमचं वाक्य मी भिंतीवर लावलंय. पहिल्या पावसाळी दमट आठवड्यात माझं एक हिरवं पाणी एकाएकी पिवळट पडून खाली बसलं. दुसरी बाटली होती म्हणून पॉड्सचं काही बिघडलं नाही.

टिस्बे आणि टिग्रिओपस या दोन कोपेपॉड्समधला फरकही तुमच्यामुळे कळला. टिग्रिओपस मोठा, लालसर, पाण्यात झटके मारत फिरतो, माशाच्या लगेच नजरेत भरतो आणि लगेच संपतो. टिस्बे बारीक, पृष्ठभागाला चिकटून राहतो, खडकाच्या भेगांत लपतो, आणि त्यामुळेच टँकमध्ये थोडाफार टिकतो. म्हणून टिस्बे रात्री, दिवे आणि पंप बंद करून, खडकांच्या मागे सोडायचा. टिग्रिओपस दिवसा, माशाच्या समोर.

पण मला सगळ्यात जास्त ऋण वाटतं ते त्या काचेच्या बरणीचं. तोंड अरुंद अशी एक लहान बरणी वाळूवर आडवी ठेवायची, तिच्यात नळीनं नुकतीच उबवलेली ब्राइन श्रिम्पची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) पिल्लं सोडायची. प्रवाहात ती वाहून जात नाहीत, फिल्टरमध्ये शोषली जात नाहीत, आणि माझ्याकडच्या गोबी माशाला तिथे शिरायचं सुचत नाही. मँडरिन पहिल्यांदा बरणीपाशी आला तेव्हा तोंडाशीच थबकला. दोन्ही पोटाचे पर वाळूत रोवून, डोळे आलटून पालटून हलवत बराच वेळ आत बघत राहिला. मग डोकं आत घातलं, आणि काचेतून मला त्याचं तोंड पुढे येताना, मागे जाताना स्पष्ट दिसत होतं. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही आनंदानं ओरडलात, आणि पुढच्याच वाक्यात विचारलंत, ‘पिल्लं किती तासांची होती?’ कारण अंड्यातून बाहेर आल्यावर त्यांच्या पोटातला बलक भराभर संपतो. जुनी पिल्लं पोट भरतात पण पोसत नाहीत. म्हणून ताजी द्यायची, नाहीतर दुसऱ्या अवस्थेत गेल्यावर, तोंड उघडल्यावर, त्यांना पोषक द्रव्यांत ठेवून मग द्यायची. याच बरणीत पुढे गोठवलेले कोपेपॉड्स मिसळत गेलो आणि आज तो तेही खातो. सगळे मँडरिन खातीलच असं नाही, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत. उरलेलं लगेच काढून घ्यायचं, हेही. इतक्या कमी पाण्यात कुजलेल्या अन्नाला वाव नसतो.

पाण्याबाबतही तुम्ही असंच आकड्यानं पटवलंत. ४० लिटरमधून १ लिटर उडून गेलं की ३५ ची सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा, दर हजारी) ३६ च्या आसपास पोचते. दमानं, रोज, आरओचं गोडं पाणी भरायचं. त्यात ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवायला लावलंत ते फार बरं झालं.

आणि एक अट. कल्चर चालू असूनही पोट खपाटीला जाऊ लागलं तर वाट बघायची नाही, मासा तुमच्या मोठ्या टँकमध्ये आणून सोडायचा. तुमच्याकडे आधीच एक नर होता आणि दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत, म्हणून तुम्ही मधली जाळी तयार करून ठेवलीत, कधी लागेल न लागेल म्हणून. ती अजून तशीच ठेवलीय हे मला परवा कळलं. दुसऱ्याच्या माशासाठी स्वतःच्या टँकमध्ये जागा राखून ठेवणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तो आधार होता म्हणून मी घाबरून उलटसुलट काही केलं नाही.

हे वाचून कुणी ४० लिटरसाठी मँडरिन आणायला निघू नये. माझ्याकडे तो निवडून आला नव्हता. आणायचाच असेल तर मोठ्या, जुन्या टँकसाठी, आणि शक्यतो बंदिस्त पैदास केलेला; तो गोठवलेलं खायला बऱ्याचदा आधीच शिकलेला असतो. टँक छोटाच असेल तर आधी दोन-तीन महिने बाटल्या सांभाळून बघा. बाटल्यांचा कंटाळा आला तर उत्तर मिळालं.

ताई, मादी आणावी का हे विचारायचं मनात होतं. जोडी संध्याकाळी अंगाला अंग लावून वर तरंगत जाते आणि तिथे अंडी सोडते, हे तुमच्याच टँकमध्ये बघितल्यावर विचारायची गरज उरली नाही. माझ्या टँकला तेवढी उंचीही नाही आणि दोन तोंडांपुरते पॉड्सही नाहीत. तुमचं अपोसायक्लॉप्स या कोपेपॉडचं कल्चर गेलं असं म्हणालात. माझ्याकडे त्याच्या दोन्ही बाटल्या जोरात आहेत. रविवारी एक घेऊन येतो.

तुमचा,
बरणीवाला