आमच्यासाठी पेशंट झालेल्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई, नमस्कार. तुमचं नाव इथे टाकत नाही, वाचलंत की तुम्हाला कळेलच. नर्सेसच्या मेंटल हेल्थ ट्रेनिंगला सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून सराव करायला, तुम्ही पेशंट होऊन बेडवर पडला होतात, त्या बॅचमधली मी मेडिकल वॉर्डची सिस्टर.

पुण्यात मानसिक आजार म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिलं येरवडा येतं, पण जिवाचं बरंवाईट करायला गेलेला माणूस आधी कॅज्युअल्टीत आणि तिथून आमच्यासारख्या साध्या वॉर्डात येतो. बीपी, सलाइन, औषधं सगळं येतं आम्हाला, बोलायचं काय ते कोणी शिकवलेलंच नसतं. सीपीआर मॅनिकिनवर, म्हणजे पुतळ्यावर, शिकता येतो, पण मॅनिकिन काही भिंतीकडे तोंड फिरवत नाही ना. तुम्ही फिरवलंत. सलाइनच्या चिकटपट्टीची कड नखाने उचकटत होतात आणि एकच वाक्य, "सिस्टर, मला घरी सोडा."

मी स्टूल ओढून बसले आणि सरळ विचारलं, "परत जीव द्यावा असं मनात येतंय का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे ट्रेनिंग घेणाऱ्या मॅडमनी आधी सांगितलं होतं, तरी तोंडातून बाहेर काढायला जड गेलं. तुमचं नख थांबलं आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

नंतर डीब्रीफिंगला, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेत, तुम्ही म्हणालात, "तुम्ही बसलात ना, तेव्हा वाटलं ही घाईत नाहीये, मग बोलावंसं वाटलं." ताई, खरा पेशंट हे कधीच सांगत नाही हो, डिस्चार्ज घेतो आणि जातो, आपलं कुठलं वागणं त्याला बरं वाटलं ते आम्हाला कळतच नाही. ते तुम्ही सांगितलंत, यासाठी खास थँक्यू.

आता वॉर्डात मी आधी बसते, मग विचारते. नातेवाईक पॅसेजमध्ये हळूच विचारतात, "केस होईल का हो?" तेव्हा सांगते की पोलिसांना कळवणं हा हॉस्पिटलचा नियम आहे, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 अशा माणसाला तीव्र ताणाखाली आहे असंच धरून चालतं, त्याला शिक्षा करायची नसते, उपचार द्यायचे असतात. आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर कागदावर लिहून देते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

एक विनंती आहे. तुमच्या नाटकाच्या ग्रुपमधला एखादा दादा तयार असेल तर पुढच्या बॅचला पाठवा ना. ऑपरेशनला आलेला पेशंट, रोजची दारू अचानक बंद झालेली, आधी हात थरथरायला लागतात, दोन-तीन दिवसांनी भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलंय, आणि नाइटला एकटी सिस्टर. हा सीन आम्हाला करून बघायचाय, मॅडमना मी सांगून ठेवलंय.