चिंतेची गोळी देतानाच पुरुषाला हे सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मानसिक आजारांवर हल्ली सातत्याने मजकूर येतो, त्याबद्दल मनापासून आभार. त्यात एक विषय मात्र मला कधी वाचायला मिळाला नाही: चिंतेच्या गोळ्यांमुळे पुरुषाला शरीरसंबंधात येणारी अडचण. अमळनेरला माझे औषधांचे दुकान आहे. जे काउंटरवर रोज दिसते, ते लिहितो.

कापसाला भाव नाही, सोसायटीचे कर्ज थकले, पोराची नोकरी गेली. मग छातीत धडधड सुरू होते, झोप उडते. पूर्वी अशा वेळी भगताला गाठायचे, आता लोक डॉक्टरांकडे जातात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन असते, कधी पॅरोक्सेटिन, आणि सुरुवातीला जोडीला घबराट शमवणारे, झोप आणणारे क्लोनाझेपाम. गुण येतो, माणूस पुन्हा कामाला लागतो. त्यानंतर काही जण एकाएकी गोळ्या न्यायचे बंद होतात. काही जण दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबतात आणि खालच्या आवाजात ‘ताकदीची गोळी’ मागतात. एका तरण्याताठ्या शेतकऱ्याने तर डोळ्यांत पाणी आणून विचारले, “हाई गोट कोनले सांगू, दादा?”

त्याला कोणी सांगितलेच नव्हते की संबंधातली अडचण चिंतेच्या गोळीनेही येते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या एकाच गटातल्या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचे काम वाढवतात. त्याने घबराट शमते, पण त्यामुळेच काहींची इच्छा मंदावते, ताठरता कमी पडते, वीर्यस्खलनाला फार वेळ लागतो किंवा ते होतच नाही. पॅरोक्सेटिनमध्ये हा त्रास अधिक दिसतो. शीघ्रपतनावर दिली जाणारी डॅपोक्सेटिन याच गटातली आहे, म्हणजे हा परिणाम वैद्यकशास्त्राला इतका ठाऊक आहे की त्याचा उपचार म्हणून वापर होतो. ठाऊक नसते ते फक्त गोळी खाणाऱ्याला. त्यातही गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि हा त्रास त्याआधीच सुरू होऊ शकतो.

मग घरात अबोला धरला जातो. आपण संपलो असे पुरुषाला वाटते, याचे मन दुसरीकडे गेले असे बायकोला वाटते. तो परस्पर गोळी बंद करतो. या गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते, जीव कासावीस होतो आणि जुनी घबराट परत येऊ शकते. बरेच दिवस घेतलेले क्लोनाझेपाम अचानक थांबवले तर आकडीसुद्धा येऊ शकते. काही जण रस्त्याकडेच्या तंबूतल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे जातात. तिथल्या पुड्यांत काय असते हे कोणी सांगत नाही. अशा ‘जडीबुटी’च्या औषधांत सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेसाठीची ‘ताकदीची गोळी’, मिसळलेले अनेकदा सापडले आहे. छातीत दुखते म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ते घेतले तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

यावर उपाय आहेत, म्हणून तर जास्त वाईट वाटते. डॉक्टर डोस कमी करू शकतात, मिर्टाझापिन किंवा बुस्पिरोनसारखे दुसरे औषध देऊ शकतात, हृदय तपासून सिल्डेनाफिल जोडू शकतात. समुपदेशनानेही चिंता कमी होते. दोष नेहमी गोळीचाच असतो असेही नाही. मधुमेह, तंबाखू, दारू आणि खुद्द चिंता यांनीही हेच होते, म्हणून तपासणी हवी. गोळी थांबल्यावर बहुतेकांचा त्रास जातो. थोड्या जणांत तो नंतरही रेंगाळल्याच्या नोंदी आहेत आणि युरोपच्या औषध नियामकाने 2019 मध्ये तशी सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली. ही गोष्टही रुग्णापासून लपवू नये.

ओपीडीतली गर्दी मी जाणतो. तरी “या गोळीने संबंधात अडचण येऊ शकते, आली तर बंद न करता मला येऊन सांगा” एवढे बोलायला किती वेळ लागतो? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 22 नुसार उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम समजणे हा रुग्णाचा हक्कच आहे. आम्हा दुकानदारांचेही चुकते. चिठ्ठी न बघता ताकदीची गोळी देणे हा गुन्हा आहे, आणि त्या माणसाला डॉक्टरांकडे परत पाठवण्याची संधीही आपण त्यात घालवतो. डॉक्टरांसमोर तोंड उघडत नसेल त्याला मी 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक देतो. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पुरवणीत एखाद्या मनोविकारतज्ज्ञांकडून या विषयावर स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे; धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दुसरी मागणी आतल्या पानांवरच्या ‘मर्दानी ताकद’ देणाऱ्या छोट्या जाहिरातींबद्दल. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. त्या जाहिराती वाचून माझ्याकडे आलेले लोक मी पाहतो. कृपया त्या घेणे थांबवावे.

आपला विश्वासू,
एक औषध विक्रेता, अमळनेर (जि. जळगाव)
(गिऱ्हाइकांना संकोच नको म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)