पायात एकच बूट

हॅमिल्टन, न्यूझीलंड
17 ऑगस्ट 2025

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई मला वाक्य पुरं करू देत नाही, बाबांना निम्मं ऐकू येत नाही, मग तुम्ही दोघं आपसातच भांडता आणि मी इकडं नुसती हॅलो हॅलो करत बसते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. दादूला म्हणावं, औशाला गेलास की झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या अक्षरात काढून आण. बाबा, तुम्ही वाचून दाखवा. आईनं मधे बोलायचं नाही.

काल शनिवारी मी फोन घेतला नाही आणि नंतर ‘शिफ्ट होती’ असा मेसेज टाकला. ती थाप होती. काल मला सुट्टी होती आणि मी बर्फावर घसरायला गेले होते. ज्या डोंगरावर गेले होते तो ज्वालामुखी आहे, आणि जिवंत आहे.

आता दोन मिनिटं थांबा, आईला पाणी द्या, मग पुढं वाचा.

डोंगराचं नाव रुआपेहू. उंची 2,797 मीटर; आपलं कळसूबाई 1,646. बाबा, तुम्ही शाळेत हिलरी-तेनसिंग शिकवायचात ना, त्यातले हिलरी सोळा वर्षांचे असताना, 1935 साली, शाळेच्या सहलीला याच डोंगरावर आले होते आणि डोंगर चढायचं वेड त्यांना तिथूनच लागलं. वर्गात सांगायला ही गोष्ट तुम्हाला तेव्हा मिळायला हवी होती. आणि मी जिच्या काठी राहते ती वायकाटो नदी याच डोंगराच्या पूर्वेच्या उतारावर निघते, मोठ्या टाउपो तळ्यात शिरते, तिथून बाहेर पडून माझ्या खिडकीखालून जाते. म्हणजे गेली सहा वर्षं मी त्याच डोंगराचं पाणी पितेय.

आमच्या लॅबमधल्या तिघींनी ठरवलं होतं. कधीच बर्फ न पाहिलेल्यांसाठी एका दिवसाची सहल असते. बसनं न्यायचं, बूट आणि पायाला बांधून घसरायच्या लांब फळ्या (स्की) द्यायच्या, दोन तास शिकवायचं, संध्याकाळी परत आणायचं. पैसे किती पडले ते सांगत नाही, बाबा लगेच सोयाबीनच्या पोत्यात हिशेब करतील.

पहाटे साडेचारला बस निघाली. तीन तासांनी उजाडलं तेव्हा समोर पांढरा डोंगर आणि खाली काळा, खडबडीत दगड. बाबा, तो दगड बघून मी सोबतच्या पोरींना म्हटलं, हा तर आमच्या विहिरीतला! आपली विहीर खणली तेव्हा वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मग भोकाभोकाचा मांजऱ्या, आणि मधेच तो तांबडा पट्टा लागला होता. गारगोट्या मी परकरात भरून घरी आणल्या होत्या. तो सगळा दगड लाव्हाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडं जमिनीच्या भेगांतून एकावर एक थर वाहत आले. दोन थरांच्या मधे बराच काळ गेला की वरचा भाग कुजून, झिजून तांबडा व्हायचा, तोच तो पट्टा. आपण भाकरी खातो ती त्याच दगडाच्या मातीतली. फरक एवढाच की आपला कधीचा निवून गेलाय आणि इथला अजून निवलेला नाही.

इथंच आई म्हणणार, मग कशाला मरायला गेलीस.

खरं सांगते. डोंगराच्या माथ्यावर मुखात तळं आहे, गरम पाण्याचं. 1995 आणि 1996 ला राख उडाली होती. 2007 च्या सप्टेंबरात पुन्हा स्फोट झाला, तो फारशी चाहूल न देता. पण इथल्या लोकांना खरी धास्ती जाळापेक्षा पाण्याची जास्त. वरचं तळं फुटलं की पाणी, राख, दगड सगळं एकत्र होऊन दरीतून खाली येतं, आपल्या ओढ्याला ढगफुटीनंतर लोंढा येतो ना, तसं, फक्त त्यात धोंडे असतात. 1953 साली नाताळच्या आदल्या रात्री असाच लोंढा आला, रेल्वेचा पूल गेला आणि मागून आलेली गाडी नदीत पडली. 151 माणसं गेली. त्या जागेचं नाव तांगीवाई. आता डोंगरावर यंत्रं बसवलीत, ती रात्रंदिवस जमिनीची हालचाल आणि तळं बघत असतात. 2007 च्या मार्चमध्ये पुन्हा तळ्याचा बांध फुटला तेव्हा यंत्रांनी आधीच सांगितलं, रस्ते-रेल्वे अडवली आणि कुणालाही इजा झाली नाही. धोक्याचे आकडे 0 ते 5 असतात, काल सकाळी 1 होता. घसरायच्या जागेवर पाट्या आहेत: भोंगा वाजला तर दरीत थांबू नका, बाजूच्या उंचवट्यावर चढा. मी ती पाटी तीनदा वाचली. बाकीच्या पोरी तिच्यासमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या.

बूट घ्यायच्या दुकानात माणूस उंची आणि वजन विचारतो. मी पाच किलो कमी सांगितलं. मग त्यानं समजावलं की पडल्यावर फळी पायातून आपोआप सुटायला पाहिजे, नाहीतर गुडघा पिरगळतो, आणि ती किती जोरानं सुटायची ते वजनावर बसवतात. मग खरं सांगितलं. बूट म्हणजे घोट्याच्या वर येणारी प्लास्टिकची पेटीच. उजव्या पायात घातला, कड्या आवळल्या, डावा हातात घेतला, आणि वरून धाड्‌ असा आवाज आला.

खिडकीची काच थरथरली.

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच कळलं की मी बाहेर, उघड्यावर, बर्फात उभी होते. एका पायात बूट आणि एका पायात मोजा. दुकानातलं कुणी जागचं हललं नव्हतं. सगळे मान वळवून माझ्याकडं बघत होते.

काही नव्हतं झालं. रात्री नवा बर्फ पडला होता, तो वरच्या कड्यावर सैल बसतो आणि लोकांवर कोसळू शकतो. म्हणून लोकांना वर सोडायच्या आधी तिथली माणसं मुद्दाम बारूद लावून तो पाडतात. रोजचं काम त्यांचं. पण माझे पाय डोक्याला न विचारता पळाले.

आई, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला वाटायचं की मला त्यातलं काहीच आठवत नाही, जे आठवतं ते तुमच्या तोंडून ऐकलेलं. आदल्या दिवशी गणपती बुडवून आलो होतो. पहाटे चारला चार मिनिटं कमी. बाबांनी मला गोधडीसकट उचललं, माळवदाची मागची भिंत आत पडली, धुळीत कुणाचं तोंड दिसेना. तुझ्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी सापडली नाही, त्या पायानं तू दिवसभर दगड उचललेस, हे आजी सांगायची. काल माझा मोजा भिजून पाय बधिर झाला तेव्हा मला एकदम तुझा तो पाय दिसला. सांगितलेला नव्हे, खरा दिसला, टाचेला चिखल-रक्त लागलेला.

बाबा, तुम्हीच वर्गात शिकवायचात ना, की दख्खनचा दगड पक्का, इथं भूकंप होत नाही. तेव्हा सगळेच तसं शिकवायचे. किल्लारीनंतर तो धडा तुम्ही कसा घेतलात, हे मी कधी विचारलंच नाही. दिवाळीला सांगा.

मी बाहेर एका बाकावर बसून राहिले. ठरवलं होतं की आता बसमध्येच बसायचं संध्याकाळपर्यंत. तेवढ्यात आमच्या गटातली एक चिनी आजी आली, साठी कधीच उलटलेली, नातवाबरोबर आलेली. तिच्या एका हातात माझा डावा बूट आणि दुसऱ्या हातात गरम चॉकलेटचा कप. तिला इंग्रजी जेमतेम, मला तिचं काहीच नाही. ती खाली वाकली आणि माझ्या पायात बूट घालायला लागली. मला इतकी लाज वाटली की मी उठलेच.

शिकायची जागा अगदी पायथ्याशी, आपल्या तळ्याच्या बांधाएवढ्या उताराची. शिकवणारा पोरगा अर्जेंटिनाचा. आधी एकाच पायात फळी, नुसतं गोल चालायचं. मग दुसरी. टाच दाबली की खट्‌ वाजतं आणि पाय अडकतो. त्यानंतर आम्ही सगळे नव्यानं पत्र्या ठोकलेल्या बैलासारखे पाय टाकत होतो. वर जायला सरकता पट्टा असतो, गव्हाणीत ऊस चढतो तसे आम्ही ओळीनं चढायचो.

थांबायचं कसं, हे पहिलं शिकवतात. फळ्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडांवर दाब. याला हे लोक बर्फाचा नांगर म्हणतात. बाबा, खरंच तसंच आहे, दाब दिला की फाळ रुततो आणि चाल मंदावते. लहान पोरांना मात्र ‘पिझ्झा करा’ असं ओरडून सांगतात. सगळ्यात अवघड म्हणजे पुढं झुकणं. उतारावर जीव मागं ओढतो, पण मागं रेललं की फळ्या पळतात आणि आपण बसकण मारतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर टेकली पाहिजे, आणि नजर पायाकडं नाही, जिकडं जायचंय तिकडं. पडायचंच झालं तर कुशीवर, डोंगराच्या बाजूला. हात टेकायचे नाहीत, मनगट जातं.

मी नऊ वेळा पडले. चिनी आजी सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी ती आधी हसायची, मग पडायची. दहाव्या खेपेला मी वरून खालपर्यंत न पडता आले आणि जिथं थांबायचं ठरवलं होतं तिथंच थांबले. फार तर चाळीस पावलं असतील. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या गटातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी धपाटे काढले. थंडीनं वाळून कडक झाले होते, पण शेंगदाण्याच्या चटणीबरोबर सगळ्या गटानं संपवले. आजीच्या नातवाला तिखट लागलं, त्यानं बर्फच तोंडात कोंबला. आई, तू दिलेली सुती बंडी मात्र मी आतून घातली नाही, घालू देत नाहीत. सूत घाम धरून ठेवतं, वाळत नाही आणि मग अंग गारठतं. कापसाच्या मुलखातल्या पोरीला हे ऐकून जरा वाईट वाटलं. इथं मेंढीची लोकर चालते.

जेवणानंतर पाळण्यात बसवून वर नेलं, नुसतं बघायला. काचेचे बंद पाळणे आहेत, पावणेदोन किलोमीटरची तार, आणि वर दोन हजार मीटरवर उतरायचं. शेजारी गौरुहोए नावाचा दुसरा डोंगर दिसतो, धान्याची रास करावी तसा. ही शिखरं इथल्या मावरी लोकांची पूज्य स्थानं. गोऱ्यांनी तुकडे करून विकू नयेत म्हणून त्यांच्या प्रमुखानं 1887 साली ती सगळ्यांसाठी राखून ठेवायला सरकारला दिली, त्यातूनच इथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. मी चपला, म्हणजे बूट, काढू शकत नव्हते, म्हणून नुसते हात जोडले. आणि खाली पसरलेला तो सगळा बर्फ बघून दुसरं काही नाही, 2016 चा उन्हाळा आठवला. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं तो. इथं पाणी डोंगरावर महिनोन्‌महिने नुसतं पडून असतं.

येताना बसमध्ये सगळे झोपले, मला झोप येईना.

आई, मागच्या दिवाळीला मी तुला रागावले होते. चांगली आतली खोली आहे, पलंग आहे, पंखा आहे, आणि तू अजून दाराजवळ खाली झोपतेस, उशाशी बॅटरी आणि दोन्ही चपला जोडून दाराकडं तोंड करून ठेवतेस. मी म्हटलं, एवढी वर्षं झाली, आता तरी सोड, लोक हसतात. तू काही बोलली नाहीस. ‘तुला काय कळायलंय’ एवढंच म्हणालीस आणि अंथरूण घातलंस. मला नव्हतंच कळत. काल रात्री घरी आल्यावर बघितलं, माझ्या खोलीचं दार मी झोपताना रोज वीतभर उघडं ठेवते. सहा वर्षांत एकदाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

शुक्रवारी पोळा आहे, बैलांचे फोटो पाठवा. बाबा, बीपीची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. माझ्या मांडीवर वांग्याएवढा काळानिळा डाग पडलाय, बाकी मी ठीक आहे.

दिवाळीला येतेय, तिकीट काढलंय. आतल्या खोलीत माझी गादी घालू नका. आईच्या शेजारी, दाराजवळच टाका.

तुमची,
बबी