‘कागदपत्र क्लिअर’ म्हणजे नेमकं काय क्लिअर?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रविवारी जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती येतात त्याबद्दल लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

मी मनीषनगरला राहतो, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. नागपूरच्या मे महिन्यात बायकोला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचं म्हणजे दोघंही भाजून निघतो, म्हणून ठरवलं की एखादी जुनी वॅगनआर घेऊन टाकू. जाहिरात दिसली, ‘२०१९ मॉडेल, सिंगल ओनर, कागदपत्र क्लिअर’. फोन केला, कामठी रोडकडे बोलावलं, एका मोकळ्या प्लॉटवर टिनाचं शेड आणि पंधरा-वीस गाड्या उभ्या. गाडी बरी होती हे मान्य करतो, एसी थंडगार, टायर नवे, एमएच-३४ पासिंग म्हणजे चंद्रपूरची. साडेतीन लाखात ठरली आणि मी तिथल्या तिथे मोबाइलवरून २० हजार टोकन टाकलं. पावती म्हणून वहीचं फाडलेलं पान, त्यावर दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही. बायको तेव्हाच म्हणाली होती, आधी घरी जाऊन विचार करू. असो.

घरी आल्यावर भाच्याने एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला. मालकाचं नाव अर्धं चांदण्यांनी झाकलेलं दिसतं त्यात, पण पहिलं अक्षर काही मला सांगितलेल्या नावाशी जुळेना, आणि खाली फायनान्सच्या रकान्यात चक्क एका कंपनीचं नाव. म्हणजे एचपी, कागदावरचा लोनचा बोजा, उतरलेलीच नाही. लगेच फोन लावला तर म्हणे, ‘काऊन टेन्शन घेता काकाजी, लोन कधीचंच निल आहे, एनओसी येऊनच राहिली, ते सर्व्हरवर अपडेट नाही झालं तेवढं.’ मी म्हटलं आणि मालक? ‘मालकाच्या सह्या केलेला टीटीओचा, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मचा, सेट आहे ना जी आपल्यापाशी, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी पण करून देतो.’

आता या नोटरीबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे शिकलेसवरलेले लोकही तिच्यावर विसंबतात. नोटरीने गाडी तुमच्या नावावर होत नाही. गाडी नावावर होते आरटीओत, फॉर्म २९ आणि ३० भरून, आणि आरसीवर एचपी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे फायनान्सवाल्याची लेखी संमती असल्याशिवाय आरटीओ दुसरं नाव चढवतच नाही. लोन खरंच फिटलं असेल तर कंपनीची एनओसी आणि तिच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो, मग एचपी उतरते. नुसती एनओसीची झेरॉक्स दाखवणाऱ्यावर तर अजिबात जाऊ नका, मलाही दाखवली होती, त्यावरचा चेसिस नंबर गाडीच्या चेसिस नंबरशी जुळवून पाहिला तर शेवटचे दोन आकडे वेगळेच.

त्या फायनान्स कंपनीच्या सदरच्या ब्रांचला गेलो. तिथला मुलगा नम्र होता पण म्हणाला, काका, लोनची माहिती ज्याच्या नावावर लोन आहे त्यालाच देता येते. त्याचंही चूक नाही. पण म्हणजे गंमत बघा, पैसे मी देणार, गाडी ओढून नेली तर माझ्या दारातून नेणार, आणि बाकी किती आहे ते मलाच कळणार नाही.

आरसीच्या झेरॉक्सवर बल्लारपूरचा पत्ता होता आणि बल्लारपूरला आमचे सोयरे. दोन दिवसात माणूस सापडला. बिचारा फोनवर आधी घाबरलाच, त्याला वाटलं मी पण रिकव्हरीवाला. मग बोलता झाला. २०१९ मध्ये सात वर्षांचं लोन काढून गाडी घेतली, लॉकडाऊननंतर काम सुटलं, २०२३ मध्ये एका ओळखीच्याला ‘एवढे रोख द्या आणि पुढच्या किस्ती तुम्हीच भरा’ असं ठरवून नोटरीवर गाडी देऊन टाकली. त्याने चार किस्ती भरल्या, मग गाडी पुढे दिली, त्याने आणखी पुढे. ‘मी त गाडी कधीचीच देऊन टाकली साहेब, पण नोटिसा माह्याच घरी येतात.’ नोटिसाच काय, मानकापूरच्या सिग्नलचे ई-चलान त्याच्या मोबाइलवर, बल्लारपुरात बसून. रिकव्हरीवाले त्याच्या दारात गाडी शोधतात आणि गाडी इकडे कामठी रोडवर ऊन खात उभी.

जाहिरातीतलं सिंगल ओनर मात्र खरं निघालं. मधल्या कोणाचंच नाव कागदावर चढलं नाही, तर ओनर सिंगलच राहणार.

त्याला मी सांगितलं की नुसत्या चलानचं काय घेऊन बसलात, उद्या या गाडीने कोणाला उडवलं तर नुकसानभरपाईसाठी तुम्हाला उभं करतील. तीन-चार हात फिरलेल्या अशाच एका गाडीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी कितीही हात फिरो. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, दुसऱ्या राज्यात गेली तर ४५ दिवस, घेणाऱ्याला ३० दिवस. हे आपल्याकडे कोण पाळतं? कोऱ्या फॉर्मवर सह्या करून चावी दिली की माणूस मोकळा झाला असं समजतो. आणि घेणाराही नाव चढवायची घाई करत नाही, मग गाडी ठोकली की इन्शुरन्सवाला म्हणतो पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम विसरा.

कायदा नाही असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम केले, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून ऑथरायझेशन सर्टिफिकेट घ्यायचं, गाडी त्याच्या ताब्यात दिली की मालकाने फॉर्म २९सी ने पोर्टलवर कळवायचं, आणि तेव्हापासून ती विकेपर्यंत गाडीची जबाबदारी डीलरची. म्हणजे बल्लारपूरच्या माणसाला चलान यायचं कारणच नाही आणि मला मालक शोधत फिरायचंही नाही. मी त्या शेडमध्ये सर्टिफिकेट विचारलं. ‘ते मोठ्या शोरूमवाल्याले लागते काकाजी.’ साफ खोटं.

शेजारचे एक जण यातून वेगळ्याच पद्धतीने अडकले ते पण सांगतो. त्यांनी घेतलेल्या गाडीचं लोन पूर्ण फिटलेलं होतं, विकणारा खरा मालक, सगळं सरळ, पण त्याच कंपनीकडे त्याचं दुसरं एक लोन थकलेलं, म्हणून कंपनी गाडीची एनओसी सोडेना. यांचे पैसे देऊन सहा महिने झालेत.

माझा भाचा आता सांगतो की लोनवाली गाडी घ्यायचीच तर मालकाला सोबत घेऊन ब्रांचमध्ये बसायचं, त्याच्याच सहीने फोरक्लोजरचं लेटर, म्हणजे लोन आत्ता मिटवायचं तर किती भरायचे ते, काढायचं, त्याचं दुसरं लोन तिथे आहे का ते त्यालाच विचारायला लावायचं, बाकी रक्कम थेट लोन खात्यात भरायची, आणि उरलेले पैसे एनओसी व फॉर्म ३५ हातात पडल्यावर. बरोबर आहे त्याचं, पण हे टोकन टाकायच्या आधी सांगायला पाहिजे होतं ना बावा.

टोकनचे १२ हजार दोन खेपेत परत मिळाले. आठ हजार ‘पुढच्या महिन्यात’ आहेत.

आता मागणी, आणि ती आरटीओकडे नाही, तुमच्याकडे आहे. मागे सुनेच्या नावबदलाची जाहिरात द्यायला आलो होतो तेव्हा तुमच्या काऊंटरवर आधार मागितलं, ॲफिडेव्हिट मागितलं, आणि ते योग्यच होतं. मग साडेतीन लाखाच्या गाडीची जाहिरात घेताना नुसता मोबाइल नंबर का पुरतो? गाडीचा नंबर, एचपी आहे की नाही, आणि देणारा डीलर असेल तर त्याच्या ऑथरायझेशनचा नंबर, एवढं छापणं कम्पल्सरी करा. ज्याचं सरळ असेल तो देईल. एका ओळीचे पैसे जास्त घ्या, आम्ही वाचणारे तक्रार करणार नाही.

हे पत्र लिहायचं आजच सुचलं, कारण सकाळी तुमचा पेपर उघडला तर तीच वॅगनआर, मोबाइल नंबर दुसरा, किंमत दहा हजारांनी कमी, आणि खाली पुन्हा तेच, कागदपत्र क्लिअर.

आपला,
एक जुना वाचक, मनीषनगर, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती, आठ हजार अजून यायचे आहेत)